अतिदक्षता विभागांतील जंतू : हिशेब जाहीर झाला पाहिजे

“ऑपरेशन उत्तम झाले होते हो, पण नंतर इन्फेक्शन झाले आणि गेले.” मध्यमवर्गीय घरांतील दुखवट्याच्या भेटीत हे वाक्य आता इतक्या वेळा कानी पडते की ऐकणाराही त्यावर पुढे काही विचारीत नाही. मान हलते, चहा येतो आणि बोलणे रुग्णालयाच्या बिलाकडे किंवा गावाहून निघालेल्या मुलाकडे वळते. दोन पिढ्यांपूर्वी अशा प्रसंगी लोक ‘आयुष्याची दोरीच तेवढी’ असे म्हणत. आज ‘इन्फेक्शन झाले’ असे म्हणतात. शब्द बदलला, त्यामागील मनाची ठेवण मात्र तीच राहिली आहे. जे झाले ते कोणाच्या हातचे नव्हते, असाच दोहोंचा अर्थ.

आमचे म्हणणे असे आहे की ते बव्हंशी कोणाच्या तरी हातचे असते, आणि ‘हातचे’ हा शब्द येथे आम्ही अक्षरशः वापरीत आहोत. रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात रुग्णाला जडणारा आणि औषधांना दाद न देणारा जंतुसंसर्ग ही मोजता येण्यासारखी गोष्ट आहे. पुष्कळ ठिकाणी ती मोजली जातेही. परंतु ज्याच्या शरीराशी तिचा संबंध आहे त्या रुग्णाला आणि त्याच्या नातेवाइकांना ते आकडे कळण्याची कोणतीही सोय आपल्या राज्यात नाही. ती झाली पाहिजे, एवढेच आम्हांस या लेखात मांडावयाचे आहे.

अतिदक्षता विभाग ही आधुनिक वैद्यकाची फार मोठी कमाई आहे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. पूर्वी जे रुग्ण रात्र काढीत नसत ते आज तेथून चालत घरी येतात. परंतु या कमाईची किंमत मोजावी लागते. निसर्गाने मानवी देहाला जी तटबंदी दिली आहे, म्हणजे अखंड कातडी, घशातील खोकल्याची उबळ, मूत्राचा वाहता प्रवाह, ती या विभागात एकेक करून बाजूस सारावी लागते. व्हेंटिलेटरची नळी श्वासनलिकेत जाते आणि खोकला थांबतो. मानेतून मोठ्या रक्तवाहिनीत सेंट्रल लाइन घातली जाते आणि कातडीला एक कायमचे दार पडते. मूत्राशयात कॅथेटर बसतो. या तिन्ही नळ्यांवर जंतूंना चिकट थर करून राहता येते आणि त्या थराआड औषध नीट पोचत नाही. शेजारच्या खाटांवर तितकेच दुबळे रुग्ण असतात, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या रक्तात कोणते ना कोणते प्रतिजैविक वाहत असते. त्यामुळे साधे जंतू मरून जातात व चिवट तेवढे उरतात. मागे उरलेल्या या जंतूंना मग स्पर्धकच राहत नाही.

या विभागांत ठाण मांडून बसलेल्या जंतूंची नावे सामान्य वाचकास अपरिचित असतील, पण ती आता परिचित व्हावयास हवीत. क्लेब्सिएला हा निरोगी माणसाच्या आतड्यातही मुकाट्याने राहणारा जंतू आहे. तो रक्तात किंवा फुप्फुसात शिरला म्हणजे त्याचे खरे रूप दिसते. अॅसिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे जिवंत राहू शकतो. खाटेचा कठडा, मॉनिटरचे बटण, पडद्याची कड ही त्याची वसतिस्थाने. स्यूडोमोनासला ओल प्रिय. हात धुण्याच्या बेसिनपासून श्वासाच्या यंत्रापर्यंत त्याचा संचार असतो. औषध निष्प्रभ करण्याच्या यांच्या रीती वेगवेगळ्या आहेत. कोणी औषधाचा रेणूच तोडणारे विकर तयार करतो, कोणी आत आलेले औषध बाहेर उपसून टाकतो, तर कोणी ते आत येण्याची द्वारेच बंद करतो. यांतही विशेष चिंतेची गोष्ट अशी की ही विद्या ते एकमेकांना देतात. प्लाझ्मिड या नावाचे जनुकद्रव्याचे छोटे वर्तुळ एका जंतूकडून दुसऱ्याकडे, इतकेच नव्हे तर एका जातीकडून दुसऱ्या जातीकडे जाऊ शकते. परीक्षेच्या वर्गात एका बाकावरून दुसऱ्या बाकावर सरकत जाणारी चिठ्ठी ज्याने पाहिली आहे, त्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच की वर्गात निदान एक पर्यवेक्षक असतो.

या चिठ्ठीची सर्वांत कुप्रसिद्ध आवृत्ती आपल्या देशाच्या राजधानीच्या नावाने ओळखली जाते. कार्बापेनेम ही प्रतिजैविकांची शाखा गेली चार दशके गंभीर संसर्गावरील राखीव शस्त्र मानली जात असे. मेरोपेनेम व इमिपेनेम ही तिच्यातील नावे अतिदक्षता विभागाच्या बिलात अनेकांनी वाचली असतील. भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या तपासणीत २००८ साली एक क्लेब्सिएला सापडला. कार्बापेनेमही तोडून टाकणारे नवे विकर त्याच्यापाशी होते. संशोधकांनी त्याला ‘न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’ म्हणजे एनडीएम-१ असे नाव दिले. ऑगस्ट २०१० मध्ये या विकराच्या भारत, पाकिस्तान व ब्रिटन येथील प्रसाराविषयीचा शोधनिबंध ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि एकच गहजब उडाला. हा गहजब जंतूविषयी नव्हता, नावाविषयी होता. देशाची बदनामी झाली, परदेशांतून उपचारासाठी येणाऱ्यांना घाबरविण्याचा हा डाव आहे, असे आरोप झाले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नावाला हरकत घेतली. पुढे जानेवारी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’च्या संपादकांनी नावाची निवड चुकल्याचे मान्यही केले. त्यांनी मान्य केले म्हणून विकर काही कमी झाले नाही.

या साऱ्या गदारोळात एका गोष्टीकडे जवळजवळ कोणाचेच लक्ष गेले नाही. परकीयांच्या त्या निबंधापूर्वी पाच महिने, मार्च २०१० मध्ये, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी भारतीय वैद्यांच्याच नियतकालिकात हीच बातमी दिली होती. ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात त्यांनी गोळा केलेल्या २४ कार्बापेनेमरोधी जंतूंपैकी २२ जणांत हे विकर आढळले होते. आपल्याच लोकांनी, आपल्याच आकड्यांनिशी, प्रामाणिकपणे दिलेली ही वर्दी होती. आम्हांस त्या डॉक्टरांचे कौतुक वाटते. आणि वृत्तपत्रसृष्टीने, तिच्यात आम्हीही आलो, तेव्हा त्यांच्याकडे लक्ष न देता नावाच्या भांडणाला रकाने दिले याची खंतही वाटते. पुढे एप्रिल २०११ मध्ये दिल्लीच्या पाण्याची तपासणी प्रसिद्ध झाली. रस्त्यावर साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये व नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये या विकराचे जनुक सापडले. म्हणजे जंतू रुग्णालयाच्या भिंतीआड राहिलेला नव्हता, आणि त्या भिंतीआड जाताना बाहेरूनही त्याला कोणी अडवीत नव्हते.

त्यानंतर काय झाले हे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अहवालांत नमूद आहे. २०१३ पासून परिषदेचे एक जाळे देशातील मोठ्या रुग्णालयांतून असे आकडे गोळा करीत आहे. या अहवालांनुसार इमिपेनेमला दाद देणाऱ्या क्लेब्सिएलाचे प्रमाण २०१६ साली ६५ टक्के होते. ते २०२१ मध्ये ४३ टक्क्यांवर आले. अॅसिनेटोबॅक्टरच्या बाबतीत तर त्या वर्षी ८७.५ टक्के जंतू कार्बापेनेमला जुमानीत नव्हते. हे आकडे बहुतांशी मोठ्या रुग्णालयांतील अत्यवस्थ रुग्णांचे आहेत, गावच्या दवाखान्याला ते लागू करणे योग्य होणार नाही, हे आम्ही जाणतो. पण आपल्या घरातील माणूस अत्यवस्थ झाला म्हणजे तो ज्या ठिकाणी नेला जातो ते ठिकाण हेच. २०१९ या एका वर्षात भारतात अशा औषधरोधी जंतूंमुळे प्रत्यक्ष झालेल्या मृत्यूंचा आंतरराष्ट्रीय संशोधकांचा अंदाज २ लक्ष ९७ हजारांचा आहे. अंदाज हा अंदाजच. परंतु तो निम्मा खरा मानला तरी एवढे मृत्यू होत असताना आपण दुखवट्याच्या भेटीत माना हलवीत बसलो आहोत.

नवजात अर्भकांची कथा याहून विदारक आहे. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत १३,५३० अर्भकांची पाहणी करून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रक्तात सापडलेल्या जंतूंपैकी निम्म्याहून अधिक अॅसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला व ई. कोलाय हे होते, आणि अॅसिनेटोबॅक्टरपैकी ८२ टक्के अनेक औषधांना एकाच वेळी दाद न देणारे होते. ज्या जिवाने अजून एक गोळीही घेतलेली नाही त्याला हे जंतू जगात येताच भेटतात. प्रतिजैविकांचा दुरुपयोग करणाऱ्यालाच त्याची शिक्षा होते, अशी जर कोणाची समजूत असेल तर ती सोडावी.

दुरुपयोगाचा विषय निघाला आहे म्हणून त्याबद्दल थोडे बोलणे भाग आहे. कारण त्यात आपण सारेच आहोत. स्वतंत्र भारताचा प्रतिजैविकांचा पहिला सरकारी कारखाना आमच्या शहराच्या उंबरठ्यावर, पिंपरीस, १९५४ साली स्थापन झाला व पुढच्या वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्या काळी पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनाने घरचे माणूस वाचल्याची हकिगत कुटुंबाकुटुंबांतून श्रद्धेने सांगितली जात असे. श्रद्धेची जागा पुढे सवयीने घेतली. आज सर्दी झाली की घरातील शहाणा माणूस गेल्या खेपेच्या पाकिटात उरलेल्या गोळ्या शोधतो. नसल्या तर ओळखीच्या केमिस्टकडून तीन दिवसांच्या आणवतो आणि दुसऱ्या दिवशी बरे वाटले की तिसऱ्या दिवसाच्या पुन्हा पाकिटात ठेवतो. अर्धवट मात्रेने जंतू मरत नाहीत, ते शिकतात, ही सूचना पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या भाषणातच देऊन ठेवली होती. १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ परिशिष्टातील औषधे विकताना डॉक्टरचे व रुग्णाचे नाव स्वतंत्र वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपून ठेवण्याचे बंधन केमिस्टांवर आहे. ती वही आपल्या गल्लीतील दुकानात कितपत भरली जाते, हे वाचकांनी आपल्याच अनुभवावरून ठरवावे. कोंबड्यांच्या खाद्याची गोष्टही तशीच. कोलिस्टिन हे मूत्रपिंडाला अपाय करते म्हणून बाजूस ठेवलेले जुने औषध. कार्बापेनेम निरुपयोगी ठरू लागल्यावर डॉक्टरांनी ते नाइलाजाने पुन्हा हाती घेतले. तेच औषध आपल्याकडे कोंबड्या पुष्ट व्हाव्यात म्हणून त्यांच्या खाद्यात घातले जात होते. ते बंद करण्याचा आदेश जुलै २०१९ मध्ये निघाला.

हे सारे सुधारले पाहिजे हे निर्विवाद. तथापि या मोठ्या प्रश्नाची मोठी चर्चा करता करता एक सोयीस्कर पळवाट तयार होते, तिच्याकडे आम्हांस लक्ष वेधावयाचे आहे. रुग्णालये म्हणतात, समाज गोळ्या फार खातो. समाज म्हणतो, डॉक्टर लिहून देतात. डॉक्टर म्हणतात, कोंबड्यांना कोण विचारतो? आणि नवे औषध कधी निघते याची वाट पाहत सर्व जण बसतात. चेन्नईच्या एका कंपनीत शोधल्या गेलेल्या एन्मेटाझोबॅक्टम या रेणूला २०२४ साली अमेरिकेत मान्यता मिळाली, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु दिल्लीच्या नावाच्या त्या विकरावर त्याची मात्रा चालत नाही. एका खाटेवरील जंतू दुसऱ्या खाटेवर जाऊ न देणे हे काम मात्र नव्या औषधावाचून अडलेले नाही. ते आज, या क्षणी, असलेल्या साधनांनी होण्यासारखे आहे. कारण जंतूला पाय नसतात. त्याला एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे नेतात ते डॉक्टरांचे, परिचारिकांचे, वॉर्डबॉयचे आणि भेटीस आलेल्या आपले हात.

ही गोष्ट १८४७ पासून माहीत आहे. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातील एका प्रसूतिविभागात त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये शंभरातील सुमारे अठरा बाळंतिणी दगावल्या. डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिगृहात येत. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण वैद्याने त्यांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्यास लावले, आणि जूनमध्ये हे प्रमाण शेकडा दोनवर आले. सहकाऱ्यांनी त्याचे ऐकले नाही, मोठ्या लोकांना आपले हात अस्वच्छ आहेत हे ऐकणे रुचले नाही, आणि त्याचा अंत १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात झाला, हा भाग बहुतेकांना ठाऊक असतो. कमी लक्षात घेतली जाणारी गोष्ट ही की ते रुग्णालय महिन्यामहिन्याचे आणि विभागवार मृत्यूंचे आकडे लिहून ठेवीत असे. ते आकडे नसते तर सेमेलवाइसला स्वतःलाही काही दिसले नसते.

अलीकडचे उदाहरण अमेरिकेतील मिशिगन राज्याचे आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी तेथील १०३ अतिदक्षता विभागांत सेंट्रल लाइन घालताना पाळावयाच्या पाच साध्या गोष्टी लावून दिल्या. हात धुवा; टोपी, मास्क, झगा, मोजे व मोठी चादर वापरा; क्लोरहेक्सिडिनने कातडी स्वच्छ करा; शक्य तर जांघेतील रक्तवाहिनी टाळा; आणि गरज संपताच नळी काढून टाका. यांत एकही गोष्ट नवी नव्हती. दीड वर्षात या नळ्यांतून होणाऱ्या रक्तसंसर्गाचे सरासरी प्रमाण हजार नळी-दिवसांमागे ७.७ वरून १.४ वर आले. हे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. पण या पाच कलमांहून महत्त्वाचे असे एक कलम तेथे होते, आणि तेच आपल्याकडे सर्वांत जड जाईल असे आम्हांस वाटते. डॉक्टरने एखादी पायरी गाळली तर त्याला तेथल्या तेथे थांबविण्याचा अधिकार परिचारिकेला देण्यात आला होता. आपल्या शहरातील कोणत्या रुग्णालयात पंचवीस वर्षांची सिस्टर साठीच्या नामांकित सर्जनला “सर, हात धुतले नाहीत” असे म्हणू शकेल? म्हटले तर दुसऱ्या महिन्यात ती तेथे असेल काय?

परिचारिकांचा प्रश्न आम्ही मुद्दाम काढीत आहोत. व्हेंटिलेटरवरील प्रत्येक रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका असावी, असे या क्षेत्रातील तज्ज्ञ सांगतात. तिच्याकडे तीन-चार रुग्ण सोपविले की काय होते, हे समजण्यास शास्त्र नको. एका रुग्णाची नळी साफ करीत असताना दुसऱ्याचे यंत्र वाजू लागते आणि ती धावते. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याचे जे पाच प्रसंग सांगितले आहेत त्यांतील रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वीचा प्रसंग त्या धावण्यात हरवतो. तिला दोष देऊन काय उपयोग? रुग्णालयाच्या दर्शनी भागात संगमरवर असतो, आणि आत परिचारिका कमी पगारावर आणि कंत्राटावर. संसर्गाचे आकडे जाहीर होऊ लागले तर खर्चाचा हा प्राधान्यक्रम आपोआप उघडा पडेल, हा आमच्या मागणीमागील एक हेतू आहे, तो आम्ही लपवीत नाही.

आकडे नाहीत असे नव्हे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था व संशोधन परिषद यांच्या पुढाकाराने झालेल्या पाहणीत मे २०१७ ते ऑक्टोबर २०१८ या काळात २६ रुग्णालयांतील ८९ अतिदक्षता विभागांत रक्ताचे २,६२२ रुग्णालयजन्य संसर्ग नोंदविले गेले. त्यांत सर्वाधिक क्लेब्सिएला, आणि रक्तात सापडलेल्या या क्लेब्सिएलापैकी ७२ टक्के कार्बापेनेमरोधी. नळ्यांतून होणाऱ्या रक्तसंसर्गाचे प्रमाण नवजात अर्भकांच्या विभागांत हजार नळी-दिवसांमागे वीसच्या वर होते. मिशिगनचे १.४ आणि आपले वीस, ही तुलना सर्वस्वी न्याय्य नाही. अर्भकांचे विभाग निराळे, परिस्थिती निराळी. पण अंतर केवढे आहे ते दिसते. एनएबीएचचे मानांकन घेतलेली रुग्णालये तर असे प्रमाण नियमाने मोजतात. मानांकनाची ती अटच आहे. मानांकनाचे बोधचिन्ह पाटीवर येते, मोजलेले आकडे कपाटात राहतात.

इंग्लंडने ते कपाट उघडले. एमआरएसए या औषधरोधी जंतूच्या रक्तसंसर्गाची सक्तीची नोंद तेथे २००१ साली सुरू झाली आणि आकडे रुग्णालय-संस्थांच्या नावानिशी प्रसिद्ध होऊ लागले. २००४ साली सरकारने २००८ पर्यंत हे प्रमाण निम्मे करण्याचे उद्दिष्ट घातले. वर्तमानपत्रांनी आकडे छापले, लोकप्रतिनिधींनी प्रश्न विचारले, काही अधिकाऱ्यांच्या खुर्च्या डळमळल्या, आणि प्रमाण निम्म्याखाली आले. त्या काळात कोणते चमत्कारी औषध निघाले नव्हते. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी विमायोजनेने ऑक्टोबर २००८ पासून नळीजन्य संसर्गासारख्या काही टाळता येण्याजोग्या संसर्गांच्या उपचाराचे वाढीव पैसे रुग्णालयांना देणे बंद केले. आपल्याकडे याच्या नेमके उलट आहे. रुग्णालयातच जंतू जडला, अतिदक्षता विभागातील मुक्काम चार दिवसांचा सोळा दिवसांवर गेला, तर त्या बारा दिवसांचे आणि महागड्या इंजेक्शनांचे बिल रुग्णच भरतो. कोणी डॉक्टर त्यासाठी संसर्ग करीत नाही, असा आरोप करणे नीचपणाचे होईल. परंतु ज्या व्यवस्थेत चूक झाल्यास उत्पन्न वाढते ती व्यवस्था चूक सुधारण्याची घाई करीत नाही, हे वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थीही सांगेल.

आमच्या मागणीवर हरकती येतील आणि त्यांतील काही वजनदार आहेत. मोठी रुग्णालये म्हणतील, आमच्याकडे इतरांनी हात टेकलेले रुग्ण येतात, त्यामुळे आमचा आकडा वाढलेला दिसेल. याला उत्तर आहे. विभागाचा प्रकार व नळी-दिवस ध्यानात घेऊन तुलना करण्याच्या पद्धती जगात रूढ आहेत, आणि दाखल होताना सोबत आलेला संसर्ग व येथे जडलेला संसर्ग हे वेगळे मोजता येतात. दुसरी हरकत अधिक खरी आहे. आकडे जाहीर करावयाचे म्हटले की लबाड रुग्णालये मोजणेच सोडून देतील. रक्त कल्चरला पाठविलेच नाही तर जंतू सापडणार कसा? मग प्रामाणिकपणे मोजणारे रुग्णालय वाईट ठरेल आणि डोळे मिटणारे चांगले. हा धोका आहे, आणि तो टाळण्यासाठी शंभर रुग्ण-दिवसांमागे किती कल्चर तपासण्या झाल्या, हात स्वच्छ करण्याचे द्रावण किती खपले आणि प्रत्येक पाळीत किती परिचारिका होत्या, हे आकडेही सोबत जाहीर करावयास लावले पाहिजेत. पहिली दोन वर्षे आकडे फक्त सरकारी तपासनिसांपुढे ठेवून पद्धती पक्की करावी आणि मग ते जनतेपुढे आणावेत, अशी सूचना कोणी केल्यास आमचा विरोध नाही. दोन वर्षांची मुदत मात्र दोनच वर्षांची असावी. लोक घाबरतील, ही तिसरी हरकत. लोक आजही घाबरलेलेच आहेत. नेमके कशाला घाबरावे हे तेवढे त्यांना कळत नाही.

यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. महाराष्ट्रात खासगी रुग्णालये १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली येतात. २०२१ साली राज्य शासनाने या कायद्याचे नियम सुधारले आणि दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावण्याचे बंधन रुग्णालयांवर घातले. त्याच पाटीवर आणखी चार ओळी याव्यात : सेंट्रल लाइनमुळे, व्हेंटिलेटरमुळे व मूत्रनलिकेमुळे झालेल्या संसर्गाचे गेल्या तिमाहीतील प्रमाण, आणि कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या जंतूंची टक्केवारी. सरकारी व महापालिकेच्या रुग्णालयांसाठी तर शासनाचा एक आदेश पुरेसा आहे, आणि सुरुवात त्यांच्यापासून झाली तर खासगी रुग्णालयांना तक्रारीस जागा उरणार नाही. विमा कंपन्यांनी आपल्या यादीतील रुग्णालयांकडून हेच आकडे मागावेत. त्यांना तर यात रोकड स्वार्थ आहे.

तोपर्यंत आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरचे माणूस अशा विभागात असेल त्यांनी डॉक्टरांना नम्रपणे, पण रोज, काही गोष्टी विचाराव्यात. ही नळी आजही लागणार आहे का? कल्चर पाठविले का, आणि अहवाल आल्यावर औषध बदलले का, की भारी औषध आहे तेच चालू आहे? आणि भेटीस आत जाताना व बाहेर येताना स्वतःचे हात त्या दाराशी टांगलेल्या बाटलीतील द्रावणाने चोळावेत. गावाहून आलेल्या प्रत्येक नातेवाइकाने ‘एकदा डोळ्यांनी पाहून येतो’ म्हणून आत जाण्याचा आग्रह धरू नये, हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो, कारण आम्हीही तो धरलेला आहे.

आरोग्य खात्याने या नियमांचा मसुदा तयार करून तो हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध करावा. आमच्या वाचकवर्गात डॉक्टर आहेत, रुग्णालयांचे विश्वस्त आहेत, रात्रपाळी करून सकाळी हा अंक हाती घेणाऱ्या परिचारिकाही आहेत. आमच्या म्हणण्यात ज्यांना चूक दिसते त्यांनी ती दाखवावी, आणि ज्या रुग्णालयास आपले आकडे नियमाची वाट न पाहता स्वखुशीने प्रसिद्ध करावयाचे असतील त्याने ते आमच्याकडे धाडावेत. ते याच पहिल्या पानावर छापले जातील.